मनोविकलतेची साक्ष आणि मराठवाड्याची भाषा

न्यायवैद्यकीय मनोविकारतज्ज्ञाच्या कार्याचा इतिहास सामान्यतः न्यायनिर्णयांतून शोधला जातो. परभणी जिल्ह्यापुरते पाहिले तर त्याचा आरंभ तुरुंगात आणि लोहमार्गावर आढळतो. निजामी राज्यात मनोविकल बंद्यांसाठी १८९५ मध्ये हैदराबादच्या चंचलगुडा येथे स्थान निर्माण झाले. १९०७ साली ते जालन्यास हलविण्यात आले. जालना आणि परभणी ही दोन्ही गावे मनमाडहून हैदराबादला जाणाऱ्या एकाच लोहमार्गावरील होत.

१९५३ साली ही संस्था हैदराबादेत एर्रागड्डा येथे गेली. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिले. नव्या राज्यातील ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील मनोरुग्णालये परभणीपासून दूरच होती. या दुराव्याचे मोजमाप मैलांत करता येते. पण त्यातील भाषिक हानी मैलांत मोजता येत नाही.

या हानीचे स्वरूप कायद्यावरून स्पष्ट होईल. इंग्लंडातील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांचा आशय १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये उतरला. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कृत्याच्या क्षणी आरोपीस कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदा असल्याचे कळत होते काय, एवढेच कायदा विचारतो. वैद्यक मात्र आजाराची वाटचाल सांगते. या दोहोंतील अंतर तज्ज्ञाची साक्ष भरून काढते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाची पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्तता केली, तेव्हा पूर्वीचे उपचार, कौटुंबिक इतिहास आणि घटनेनंतर पळून न जाणे या गोष्टी एकत्र विचारात घेतल्या गेल्या.

परंतु पूर्वीचा इतिहास तज्ज्ञास कळतो तो बोलण्यातूनच. ‘अंगात येते’, ‘बाहेरचे झाले’, ‘वारे आले’ हे प्रयोग ग्रामीण मराठीत श्रद्धेचे असू शकतात, दुःखाचे असू शकतात, तसेच भ्रमाचेही. बोली न जाणणारा परीक्षक रूढ वाक्प्रचारास भ्रम समजेल, किंवा खऱ्या भ्रमास रूढी समजून सोडून देईल. येथे असा आक्षेप संभवतो की, लेखी नोंदी व चाचण्या भाषेवर अवलंबून नसतात. पण ती नोंदही कोणीतरी ऐकूनच लिहिलेली असते. एका चुकीने निर्दोष ठरावयाचा मनुष्य फाशीपर्यंत जाऊ शकतो, तर दुसरीने सराईत गुन्हेगार सुटू शकतो.

म्हणून या शास्त्राचे समाजकार्य न्यायालयाबाहेर सुरू होते. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ पासूनचा त्याचा जिल्हास्तरीय भाग आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली आरंभिलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प यांनी उपचार गावाजवळ आणण्याचा प्रयत्न केला. ‘प्रेरणा’त घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती रुग्णाच्याच बोलीत विचारपूस करते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखालील व्यक्ती मानून शिक्षेऐवजी शुश्रूषेचा अधिकार दिला.

सारांश, रुग्णाची वाक्ये त्याच्याच शब्दांत, अर्थासह नोंदविणे हे वैद्यकाइतकेच भाषाशास्त्राचेही काम आहे. मराठवाड्याच्या बोलींतील मनोव्यथेच्या शब्दांचा कोश आपल्या विभागाने हाती घेतल्यास त्याचा उपयोग साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचेल.