दश्शी-दुर्रीची बखर

आलेली पाने खेळावीत की टाकावीत? दिवाळीत तीन पत्ती मांडून बसणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. टेक्सासात रुजलेल्या ‘होल्डेम’ पोकरचा इतिहास तर मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

तेथे आरंभी हाती दोनच पाने येतात. अशा जोड्या होतात १,३२६; आणि दोन एक्के हाती येतात ते सरासरी २२१ डावांत एकदा! म्हणूनच डेव्हिड स्क्लान्स्कीने १९७६ साली आरंभीच्या हातांची प्रतवारी छापली. दश्शी-दुर्री जाणत्यांच्या लेखी टाकाऊच. पण गंमत पाहा! त्याच वर्षी लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत डॉयल ब्रन्सनने अखेरचा डाव जिंकला तो दश्शी-दुर्रीवर. १९७७ सालीही पुन्हा तसेच. त्या जोडीला पुढे त्याचेच नाव पडले.

मात्र दोन्ही वेळा समोर एकच गडी उरला होता, आणि शेवटचे पान दश्शीचे निघाले होते. नऊ गडी बसले असता हीच पाने निमूट टाकणारा शहाणा. जिंकलेल्या हाताचे नाव होते. टाकलेल्या शेकडो हातांची बखर कोणी लिहीत नाही. खेळाडू तगतो तो मात्र त्यांच्याच जोरावर.