मराठी अक्षरजुळणीचा व्यवसाय आणि संगणकातील अक्षरक्रम

मराठी ग्रंथाच्या आरंभीच्या पानावर मुद्रकाच्या नावाजवळ 'अक्षरजुळणी' हा शब्द आजही छापला जातो. खिळे गेले, शब्द राहिला. आणि शब्दाबरोबर खिळ्यांची रीतही बराच काळ राहिली.

खिळामुद्रणात देवनागरीची जुळणी हे मोठ्या कष्टाचे काम होते. पूर्ण व अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा मिळून शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. जुळारी ते उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने बसवी. 'किती' ह्या शब्दात पहिली वेलांटी 'क'च्या आधी येई.

१९८५ साली अमेरिकेत ॲपलचा लेझररायटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणि ऑल्डसचा पेजमेकर ह्यांचा संयोग झाला. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हे नाव ऑल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड ह्यांनी रूढ केले. लेझररायटरची किंमत सुमारे ७,००० डॉलर होती. तरीही पत्रके, अहवाल, मूल्यसूची आपल्याच कचेरीत सजविणे लहान व्यवसायांच्या आटोक्यात आले.

ही सामग्री रोमन लिपीसाठी घडलेली होती. तिच्या फाँटमध्ये फार तर २५६ जागा असत. मराठी फाँट करणाऱ्यांनी त्याच जागांवर अर्धी अक्षरे, वेलांट्या, रफार बसविले. प्रत्येकाने आपापल्या सोयीने. संगणकात भाषा साठली नाही, साठल्या त्या आकृत्या. उच्चारक्रमाने अक्षरे साठविणारे इस्की हे भारतीय मानक १९९१ साली आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले; त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु पृष्ठरचनेच्या आज्ञावल्यांना हा क्रम पेलत नव्हता. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची व्यवस्था उघडपणे आली ती २०१२ साली.

डीटीपी व्यावसायिकांना ह्याबद्दल दोष देणे सोपे, पण अन्यायाचे होय. गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका संध्याकाळी हवी असे; तीतील अक्षरे कोणत्या संकेतांकाने साठली आहेत, हे त्याने कधी विचारले नाही. कागदावर सारे शुद्ध व सुबक उमटत होते.

अडचण उघड झाली ती दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी. मूळ फाँट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे ह्यांची निरर्थक ओळ दिसे. कोशकाराला अशा मजकुरात शब्द शोधता येईना. रूपांतर करावे, तर केवळ चिन्हांची अदलाबदल पुरत नाही. 'मूर्ती'तील 'र्' उच्चारात 'त'च्या आधी आहे. फाइलमध्ये तो 'त'च्या नंतर, कधी वेलांटीशी जोडलेल्या एकाच खुणेत दडलेला असतो. तो बाहेर काढून मागे न्यावा लागतो. शिवाय प्रत्येक फाँटकुळासाठी तक्ता निराळा. ज्याचा तक्ता कोणी केलाच नाही, त्यातील मजकूर छापील पान समोर ठेवून नव्याने टंकलिखित करावा लागतो.