चुंबकाला ताप सोसत नाही

मी शिकवायचो मराठी, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. मग कपाटातले पोलादी पट्टीचुंबक बाहेर निघायचे. ठेवताना जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी, टोकांना नरम लोखंडाचे रक्षक. आपटायचे नाही, तापवायचे तर मुळीच नाही. एवढी पथ्ये पोरं कुठली पाळतात! काही वर्षांत त्या चुंबकांना टाचणीही उचलवेना.

याला उतारा आधीच निघाला होता. १९३१ मध्ये जपानच्या मिशिमांनी लोखंडात निकेल आणि ॲल्युमिनियम मिसळले, त्यातूनच पुढे कोबाल्ट घातलेले अल्निको आले. ते उष्णतेला दाद देत नाही, पण कोबाल्ट महाग. मग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने फेराइट आणले. लोखंडाचा ऑक्साइड (गंजच म्हणा ना!) आणि बेरियमचे संयुग भट्टीत भाजायचे. काळे, कपबशीसारखे ठिसूळ, ताकद बेताची, पण स्वस्त. रेडिओच्या स्पीकरमागची काळी चकती तीच, आणि फ्रिजच्या दाराच्या रबरात तिचीच पूड असते. घराघरात पोहोचले ते फेराइट.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियमचे चुंबक बनवले. नखाएवढा तुकडा, पण दोन चिकटले तर सोडवताना बोट चिमटते. इयरफोनमध्ये तेच, विजेच्या स्कूटरच्या मोटारीतही तेच. मात्र जुनी खोड इथेही आहेच. साधा निओडिमियम ८० अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो आणि मोटार तर तापणारच. म्हणून त्यात डिस्प्रोसियम, टर्बियम अशी दुर्मिळ मूलद्रव्ये घालतात. ती शुद्ध करण्याचे काम बहुतेक चीनमध्येच चालते.

४ एप्रिल २०२५ ला चीनने या दोन्हींसह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैअखेर पुण्याच्या बजाज ऑटोने सांगितले की, ऑगस्टमध्ये चेतकचे उत्पादन थांबू शकते.

मंचरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की वाटेत चाकण, पुढे पिंपरी-चिंचवड. आमची कितीतरी पोरं तिकडेच कामाला. त्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी एस.टी. स्टँडवर भर दुपारी भेटला. म्हटलं, "आज ड्युटी नाही का रे?"

"शिफ्ट कमी केल्यात, सर. चुंबक येईनात."