इंग्रजीतील नकारार्थी भविष्यरचना

पुढे घडणार नाही, करायचे नाही किंवा होऊ द्यायचे नाही अशा गोष्टी सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापदरचना. मराठीत ‘जाईन’, ‘जाशील’ असे भविष्याचे प्रत्यय धातूलाच लागतात. इंग्रजी धातूला तसा प्रत्यय नाही. तेथे ‘विल’, ‘शॅल’ ही साहाय्यक क्रियापदे किंवा ‘बी गोइंग टू’सारखी जोडणी लागते. म्हणूनच रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणात (२००२) इंग्रजीला भविष्यकाळच नाही अशी भूमिका घेतली आहे. शालेय पुस्तके तीन काळांची चौकट सोडत नाहीत आणि होकारार्थी वाक्यांपुरते त्यावर भागतेही. नकार आला की मात्र ही चौकट अपुरी पडते.

‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, ‘शॅल’चा देणे लागणे. प्राचीन इंग्रजीत ‘ने’ हा नकार ‘विल’ला पुढून चिकटून ‘निल’सारखे एकच रूप होई. ते लोपले, पण ‘विली-निली’ या जोडशब्दात त्याचा अवशेष उरला आहे. आजचे ‘वोन्ट’ हे ‘विल नॉट’चे लघुरूप म्हणून शिकवले जाते, मात्र त्यातला ‘ओ’ मध्ययुगीन इंग्रजीतल्या ‘वोल’ या पर्यायी रूपाचा आहे. आपल्याकडच्या उच्चारात ‘आय वोन्ट’ आणि ‘आय वॉन्ट’ जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि अर्थ नेमका उलटा होतो. फोनवर बोलताना ‘विल नॉट’ असे सुटे म्हणणे बरे.

जुनी इच्छा नकारात अजून जागी आहे. ‘द कार वोन्ट स्टार्ट’ हे वाक्य उद्याविषयी नाही, गाडी आत्ता हटून बसली आहे. मराठीत यासाठी वेगळे रूपच आहे : गाडी सुरू होईना, दार उघडेना, पोर ऐकेना. या जागी ‘सुरू होणार नाही’ असे भाषांतर केले तर अर्थ निसटतो. याच कारणाने निमंत्रणाला ‘आय वोन्ट कम’ असे उत्तर देणे तुसडेपणाचे वाटते. ‘आय वोन्ट बी कमिंग’ किंवा ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ म्हटले की नकार राहतो, हट्ट जातो. आधीच ठरलेली गोष्ट असेल तर ‘आय अॅम नॉट कमिंग टुमॉरो’ हा साधा चालू वर्तमानकाळ पुरतो आणि समोरच्या खुणांवरून बांधलेल्या अंदाजाला ‘इट इझन्ट गोइंग टू रेन’ शोभते.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांची पुरुषानुसार वाटणी जॉन वॉलिस याने १६५३ च्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात मांडली. अनंताचे चिन्ह गणितात आणणारा वॉलिस तो हाच. प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसते भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन, इतर पुरुषी याच्या उलट, असा तो नियम. पिढ्यान्पिढ्या तो घोकला गेला, बोलीने मात्र कधीच पुरता पाळला नाही. ‘शान्ट’ ब्रिटनमध्ये मागे पडले आहे, अमेरिकेत क्वचितच ऐकू येते. ‘शॅल नॉट’ टिकले ते कायद्यात, मनाईच्या अर्थाने. भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद १४ आणि १५ राज्यसंस्थेला याच शब्दांनी बांधून घालतात.

खरी कसरत क्रियाविशेषणाच्या जागेची. ‘प्रॉबब्ली’ आणि ‘डेफिनिटली’ ही ‘वोन्ट’च्या आधी येतात : ‘ही प्रॉबब्ली वोन्ट कम’. सुटे ‘विल नॉट’ असेल तर ती दोहोंच्या मध्ये बसतात : ‘ही विल प्रॉबब्ली नॉट कम’. ‘ऑल्वेज’ आणि ‘नेसेसरिली’ मात्र ‘वोन्ट’नंतर येतात, कारण नाकारायचे असते ते नेहमीपण किंवा अपरिहार्यता. ‘ही वोन्ट ऑल्वेज हेल्प’ म्हणजे तो दर वेळी मदत करणार नाही, एखाद्या वेळी करेलही. सर्वसाधारणपणे ‘नॉट’च्या उजवीकडचा शब्द नकाराच्या कक्षेत येतो, डावीकडचा बाहेर राहतो. ‘शी डेलिबरेटली वोन्ट आन्सर’ म्हणजे ती मुद्दामच उत्तर देत नाही. ‘शी वोन्ट डेलिबरेटली हर्ट यू’ म्हणजे ती तुला मुद्दाम दुखावणार नाही, चुकून दुखावले तर तो भाग वेगळा. ‘स्टिल’चेही तसेच. ‘ही स्टिल वोन्ट साइन’ म्हणजे इतके समजावूनही तो सही करायला तयार नाही. ‘ही वोन्ट स्टिल बी हिअर’ म्हणजे तोवर तो इथे राहिलेला नसेल.

‘नेव्हर’ स्वतःच नकार आहे. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ची जोड लागते, त्या सवयीने ‘आय विल नॉट नेव्हर गो’ असे तोंडून निघते. प्रमाण इंग्रजीत ‘आय विल नेव्हर गो’ किंवा ‘आय वोन्ट एव्हर गो’ यांपैकी एकच घ्यावे. जोर देण्यासाठी ‘नेव्हर’ आरंभी आणले तर कर्ता आणि साहाय्यक यांची अदलाबदल होते : ‘नेव्हर विल आय गो’. हे भाषणात खुलते, भाजी आणायच्या गप्पांत हास्यास्पद होते. ‘कोणीही येणार नाही’चे ‘एनीबडी विल नॉट कम’ हे रूपांतरही याच जातीचे. ‘एनी’ला नकार आपल्या आधी लागतो, म्हणून ‘नोबडी विल कम’.

‘अनटिल’पाशी मराठी भाषक हमखास अडखळतो. ‘ती येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही’ या वाक्यात दोन नकार आहेत, इंग्रजीत एकच चालतो : ‘आय वोन्ट लीव्ह अनटिल शी कम्स’. ‘अनटिल’च्या उपवाक्यात ‘डझन्ट’ नको, भविष्यार्थी ‘विल’ही नको. अंदाज व्यक्त करताना नकार पुष्कळदा मुख्य क्रियापदाकडे सरकतो. ‘आय थिंक ही वोन्ट कम’पेक्षा ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ अधिक सहज वाटते. मराठीतही ‘तो येईल असे वाटत नाही’ म्हणतातच.

प्रश्नात ‘वोन्ट’चा सूर पालटतो. ‘वोन्ट यू सिट डाउन?’ हे बसा म्हणण्याचे अगत्य आहे, त्यात नकार शोधू नये. ‘वोन्ट ही कम?’ हा मात्र खरा प्रश्न. मराठीत ‘तो येणार नाही का?’ याला ‘हो, नाही येणार’ असे उत्तर चालते, कारण ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दिलेला दुजोरा असतो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ आपल्या उत्तराच्या बाजूने ठरतात : येणार नसेल तर ‘नो, ही वोन्ट’, येणार असेल तर ‘येस, ही विल’. भारतीय इंग्रजीत ऐकू येणारे ‘येस, ही वोन्ट’ परदेशी श्रोत्याला बुचकळ्यात टाकते.