बालवाडीच्या बाईंची उमेदवारी : अमेरिकेत काम करता करता शिक्षिका होण्याचा मार्ग



'अप्रेंटिस' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआय, लेथ मशीन आणि एमआयडीसीतला कारखाना येतो. अमेरिकेतही इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार याच पद्धतीने तयार होतात. पण इथल्या डे-केअर आणि प्रीस्कूलमधल्या शिक्षिकाही अशा उमेदवारीतून तयार होऊ शकतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मुलांना डे-केअरला सोडणारे पालक आणि लहान मुलांमध्ये काम करायची आवड असलेल्या आपल्या भगिनी, अशा दोघांसाठी ही माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

नोंदणीकृत उमेदवारी म्हणजे काय?

अमेरिकेत १९३७ च्या राष्ट्रीय कायद्यापासून उमेदवारीची सरकारी नोंदणी होते. नोंदणी केंद्रीय कामगार खाते किंवा राज्याची संबंधित संस्था करते. अशा कार्यक्रमात पुढील गोष्टी असतात :

१. पहिल्या दिवसापासून पगारी नोकरी.
२. अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. तासांवर आधारित कार्यक्रमात हे किमान २,००० तास असते. काही कार्यक्रमांत तासांऐवजी कौशल्ये तपासली जातात.
३. जोडीला वर्गातले शिक्षण. वर्षाला निदान १४४ तास असावे, अशी शिफारस आहे.
४. कौशल्य वाढेल तसा ठरलेल्या टप्प्यांनी वाढणारा पगार.
५. शेवटी देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र.

इंजिनिअरिंगला असताना आपण कंपनीत महिना-दोन महिने ट्रेनिंग करायचो, तसे हे नाही. इथे नोकरी आणि शिक्षण एकच असते. फी भरण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

मुलांच्या वर्गात शिकायचे ते काय?

तान्ह्या बाळाला पाठीवरच का झोपवायचे, चावणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला कसे हाताळायचे, मुलाचे निरीक्षण करून नोंद कशी लिहायची, पालकांशी अवघड विषय कसा काढायचा, या गोष्टी पुस्तकात वाचता येतात, पण अंगवळणी पडतात त्या वर्गातच. संध्याकाळी कॉलेजात शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहायचे आणि मार्गदर्शक बाईंनी कुठे चुकले ते सांगायचे, अशी ही पद्धत आहे.

आपल्याला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी करून दाखवले. शिकवणेही त्या अंगणातच घडत गेले.

दोन उदाहरणे

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बालशिक्षणासाठी अशी उमेदवारी १९८९ साली सुरू झाली. नोकरी सांभाळून चार सत्रांचे वर्ग करायचे, असा तिचा आराखडा आहे. फिलाडेल्फियात एका कामगार संघटनेच्या प्रशिक्षण निधीने तिथल्या कम्युनिटी कॉलेजबरोबर सुरू केलेल्या कार्यक्रमात उमेदवार थेट असोसिएट पदवीपर्यंत पोचू शकतात.

सीडीए

या क्षेत्रातली पहिली पायरी बहुधा सीडीए प्रमाणपत्राची असते. ही पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली. त्यासाठी हायस्कूल पूर्ण असणे, १२० तासांचे शिक्षण, मुलांसोबत ४८० तासांचा अनुभव, स्वतःच्या कामाची फाईल, तज्ज्ञांची वर्गभेट आणि परीक्षा एवढे लागते. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. अनेक उमेदवारी कार्यक्रमांत सीडीए त्यातच गुंफलेले असते.

पगाराचे खरे चित्र

इथे मन घट्ट करून वाचा. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ साली बालसंगोपन कर्मचाऱ्यांचे मध्यम वेतन तासाला सुमारे १४.६० डॉलर होते. आपण डे-केअरला एवढी फी भरतो, मग पैसा जातो कुठे? एका शिक्षिकेकडे थोडीच बाळे ठेवता येतात, त्यामुळे त्या थोड्या घरांच्या फीमधूनच तिचा पगार, जागेचे भाडे आणि विमा निघतो. पगार कमी म्हणून शिक्षिका सोडून जातात आणि मुलांना पुन्हा नव्या चेहऱ्याची सवय करावी लागते. उमेदवारीने हे गणित सुटत नाही. पण कर्ज न काढता शिक्षण आणि टप्प्याटप्प्याने पगारवाढ मिळाली, तर त्याच कामात टिकून राहायला एक कारण मिळते.

व्हिसाचे काय?

उमेदवारी ही नोकरी आहे, म्हणून कामाची परवानगी हवीच. एच-४ वर शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमाने काही एच-४ जोडीदारांना, मुख्यतः ज्यांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोचली आहे त्यांना, कामाचे कार्ड मिळू शकते. एल-२ वरील जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळे कार्ड न काढताही काम करता येते, मात्र आय-९४ वर तशी नोंद हवी. कार्ड नसेल तर सीडीएचे १२० तासांचे शिक्षण तेवढ्यात करून ठेवता येईल. 'फुकट काम केले तर चालते' या समजावर मात्र जाऊ नका. जिथे एरवी पगार देतात, तिथे बिनपगारी काम करणेही अडचणीत आणू शकते. नियम बदलतात, तेव्हा आधी वकिलाचा सल्ला घ्या.

पालकांनी विचारायचे प्रश्न

- मुलाच्या वर्गातल्या शिक्षिकांचे प्रशिक्षण काय झाले आहे?
- इथे शिकाऊ उमेदवार आहेत का? त्यांचे मार्गदर्शक कोण?
- शिक्षिका साधारण किती काळ टिकतात?

उमेदवार दिसली म्हणून घाबरू नका. तिच्यासोबत अनुभवी बाई असेल आणि शिकवण्याची ठरलेली योजना असेल, तर ते चांगलेच लक्षण आहे.

ज्या भगिनींना यात रस असेल त्यांनी आपल्या राज्याच्या उमेदवारी कार्यालयात किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चौकशी करावी. भारतातली पदवी किंवा बी.एड. असेल तर तिचे मूल्यमापन करून घ्या, काही विषयांतून सूट मिळू शकते. आणि मंडळातल्या कोणी हा मार्ग आधीच चोखाळला असेल, तर इतरांना जरूर सांगा.