रिपोर्टमध्ये ‘हर-टू पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

स्तनाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट आला की त्यात ‘हर-टू’ हा शब्द हमखास दिसतो. हर-टू म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक रिसेप्टर प्रोटीन. बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणं हे रिसेप्टरचं काम.

गंमत म्हणजे हर-टू स्वतः निरोप घेत नाही. त्याच्याच कुटुंबातला दुसरा रिसेप्टर निरोप घेतो आणि हर-टूशी जोडी जमवतो. मग ‘वाढ, विभाजन कर’ असा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो.

स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कॅन्सरमध्ये या प्रोटीनच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात. पृष्ठभागावर हर-टूची इतकी गर्दी होते की निरोप नसतानाही जोड्या जमतात आणि पेशी विभागत राहतात. असा कॅन्सर लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. याच रिसेप्टरला बाहेरून चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली.

रिपोर्टमध्ये ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर घाबरू नका, पण थांबूही नका. ‘फिश’ चाचणी झाल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून उपचाराआधी आणि उपचार सुरू असताना टू-डी इको करतात.