मासिकांच्या पोटांतील वास्तुविद्या

इमारतीचे नकाशे, छायाचित्रें आणि तिच्यावरील टीका हीं बहुधा प्रथम मासिकांत येतात. ग्रंथांत शिरतात तीं मागाहून, कित्येकदां कधींच नाहीं. ग्रंथालयाची नेहमींची सूची मात्र मासिकाचें नांव सांगून थांबते. त्याच्या पोटांत काय दडलें आहे, हें तिला ठाऊक नसतें.

ही उणीव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील एव्हरी ग्रंथालयानें मनावर घेतली. या ग्रंथालयाचा जन्म पुत्रशोकांतला. हेन्री ऑग्डेन एव्हरी हा तरुण वास्तुशिल्पी १८९० सालीं वारला. सॅम्युएल व मेरी या मातापित्यांनीं त्याचीं पुस्तकें व रेखाटनें विद्यापीठास दिलीं, आणि नवे ग्रंथ घेण्यासाठीं द्रव्यहि दिलें. पुतळ्यापेक्षां हें स्मारक खचित शहाणपणाचें!

१९३४ सालीं तेथील ग्रंथपाल टॅल्बट हॅम्लिन यांनीं मासिकांतील लेखांची सूची आरंभिली. कार्डांमागून कार्डें लिहिलीं गेलीं. लेख कर्त्याच्या नांवानें सांपडावा, तसाच विषयावरूनहि. १९६३ सालीं ती १२ खंडांत छापून निघाली, आणि पुढें संगणकावर आली. नगररचनेवरील लेखहि तींत येतात.

शोधणाऱ्यानें मात्र एकाच शब्दावर अडून बसूं नये. चाळींवरचा लेख ‘कामगारांचीं घरें’ या मथळ्याखालीं असावयाचा! शिवाय सूची लेखाचा ठाव सांगते, लेख हातीं देत नाहीं. मासिक, वर्ष, पृष्ठ टिपून फडताळापाशीं जावें, तों तो अंक जागेवर असावा लागतो. रद्दींत गेलेला नव्हे.